टोकन दिलंय, आता गाडी कुणाला दाखवू नका

जुनी गाडी विकायची जाहिरात फोनवरून टाकली की अर्ध्या तासात मेसेज सुरू होतात. ‘आहे का अजून?’ ‘लास्ट किती?’ ‘लोकेशन टाका.’ त्यातले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी फोनही उचलत नाहीत. तुम्ही कधी काही ऑनलाइन विकलं असेल तर हे तुम्हाला नवीन नाही. अशा लोकांनी डोकं उठतं, पण खिशाला चाट बसत नाही. चाट लावतो तो वेगळाच माणूस. तो खरोखर येतो, बॉनेट उघडून बघतो, भाव ठरवतो, पाच हजार टोकन देतो, आणि मग गप्प होतो.

माझा मावसभाऊ नोकरीमुळे चार वर्षं कुंडमला होता. जबलपूरहून डिंडोरी-अमरकंटककडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तहसिलीचं गाव. हिरन नदीचा उगम इथलाच. त्याची बदली छिंदवाड्याला झाली आणि महिन्याभरात बिऱ्हाड हलवायचं होतं. दारात २०१४ची वॅगनआर उभी होती. जाहिरात टाकली आणि चौथ्या दिवशी डिंडोरीच्या बाजूच्या एका खेड्यातून एक तरुण आला, सोबत काका आणि एक मेकॅनिक. गाडी चालवली, खालून वरून पाहिली, चहा झाला, २ लाख १५ हजारांवर सौदा ठरला. मुलाने जागच्या जागी फोनवरून पाच हजार पाठवले आणि निघताना म्हणाला, “भैया, अब किसी को मत दिखाना. रविवार को पूरा पैसा लेकर आता हूँ.” भावाने जाहिरात काढून टाकली.

रविवार गेला. सोमवारी भावानेच फोन केला. सोसायटीत घातलेल्या धानाचे पैसे अजून खात्यात आले नव्हते. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या बाबतीत ही थाप असतेच असं नाही. हमीभावाने धान विकलं की पैसे खात्यात यायला थोडे दिवस जातात. भाऊ म्हणाला, “ठीक आहे, थांबतो.” मधल्या काळात जबलपूरच्या एक शिक्षिका २ लाख १० हजार घेऊन तयार होत्या. भावाने त्यांना नाही म्हटलं, शब्द दिला होता ना! बाराव्या दिवशी त्या मुलाचा फोन आला. वडील म्हणतात गाडी नको, आधी ट्रॅक्टरचं बघू. आमचे पाच हजार परत करा.

शिक्षिकाबाईंनी तोवर दुसरी गाडी घेतली होती. शेवटी भावाने ती वॅगनआर जबलपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला १ लाख ९५ हजारांत दिली, कारण सामानाचा ट्रक दोन दिवसांवर आला होता. म्हणजे बाईंच्या किमतीपेक्षा १५ हजार कमी. आणि वर तो मुलगा रोज पाच हजारांसाठी फोन करतोय. घरात दोन तट पडले. भावाचं म्हणणं, एक पैसा देणार नाही. वहिनीचं म्हणणं, गरिबाचे पैसे ठेवून आपल्याला काय लाभणार आहे?

तुम्ही काय केलं असतं? मला विचारलं तेव्हा मी आधी भावाच्या बाजूने होते. मग दोघांमधले मेसेज वाचले आणि माझं मत डळमळलं. त्याचं कारण सांगते, पण आधी हे टोकन म्हणजे नक्की काय ते बघू.

आपल्याकडे याला बयाणा म्हणतात, इसार म्हणतात, बैलबाजारात विसार म्हणतात, जुन्या मराठी कागदांत ‘संचकार’ असा शब्द येतो. तो संस्कृतातल्या ‘सत्यंकार’वरून आला, म्हणजे शब्द खरा करण्यासाठी दिलेली वस्तू. याज्ञवल्क्य स्मृतीत सत्यंकाराचा नियम आहे आणि विज्ञानेश्वराने मिताक्षरेत तो उलगडून सांगितलाय. सौदा पक्का म्हणून कुणी अंगठीसारखी वस्तू समोरच्याच्या हाती ठेवली आणि देणाराच फिरला, तर ती वस्तू त्याने सोडायची. घेणारा फिरला, तर त्याने दुप्पट परत करायचं. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण आहे. आजच्या फोनवरच्या टोकनात आपण पहिलं वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरं सोयीने विसरतो. टोकन घेऊन गाडी जास्त देणाऱ्याला विकणारेही कमी नाहीत. खरेदीदारांना विचारा, ते तुमच्या-माझ्याबद्दल असाच लेख लिहितील.

आजचा कायदा याहून थोडा सौम्य आहे. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यावर समोरच्याकडून वाजवी भरपाईच घेता येते, करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हे अगदी हिशेबाने दाखवलं. जागेचा सौदा १ लाख १२ हजार ५०० रुपयांचा होता. खरेदीदाराने १ हजार बयाणा आणि नंतर २४ हजार दिले होते. सौदा फिसकटला. न्यायालयाने विकणाऱ्याला बयाण्याचे हजार ठेवू दिले, २४ हजार मात्र ठेवू दिले नाहीत, कारण तेवढं नुकसान झाल्याचं त्याने सिद्ध केलं नव्हतं. २०१५चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल तर आणखी बोलका आहे. प्राधिकरणाने लिलावातल्या भूखंडाचे ७८ लाख जप्त केले आणि तोच भूखंड पुढे तिप्पट-चौपट किमतीला विकला. नुकसान कुठे झालं? पैसे व्याजासकट परत करा, असा आदेश झाला.

हे खटले जागांचे असले तरी करार कायदा गाडीलाही तोच लागतो. तुमच्या-माझ्यासाठी त्यातून दोन गोष्टी निघतात. रक्कम लहान आणि तिचं नाव ‘बयाणा’ असेल, सौदा मोडल्यास ती बुडेल हे आधी ठरलं असेल, तर ती ठेवण्यात तुमची बाजू बळकट. रक्कम मोठी असेल किंवा नुसतं ‘ॲडव्हान्स’ म्हणून घेतली असेल, तर तुमचं खरंच किती नुकसान झालं हा प्रश्न येणारच. म्हणून ‘ग्राहक पळू नये म्हणून पन्नास हजार टोकन घ्या’ हा सल्ला मला पटत नाही. पन्नास हजार घेऊन बसलात की भांडणही पन्नास हजारांचं होतं. दोन लाखांच्या गाडीला चार-पाच दिवसांसाठी चार-पाच हजार पुष्कळ झाले. त्या पैशांत तुम्ही गाडी विकत नसता, चार दिवसांची वाट विकत असता. वाट जितकी लांब, तितकं टोकन जास्त, असा साधा हिशेब ठेवा.

आता भावाचे मेसेज. ‘रविवारी ये, वाट बघतो’ एवढंच त्याने लिहिलं होतं. न आल्यास काय, हे कुठेच नाही. आणि सोमवारी त्याने स्वतः लिहिलं होतं, ‘ठीक आहे, थांबतो.’ किती दिवस, तेही नाही. म्हणजे रविवारची मुदत त्याने आपल्याच हाताने पुसून टाकली. त्या मुलाच्या दृष्टीने सौदा चालूच होता. शिक्षिकाबाईंना नाही म्हटल्याचं भावाने त्याला कळवलंही नव्हतं. मनातल्या मनात माणूस किती नुकसान सोसतो आणि समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो!

त्या बाईंचा फोन आला तेव्हा भावाने मुलाला लगेच लिहायला हवं होतं, ‘दुसरं गिऱ्हाईक पूर्ण पैसे घेऊन आलंय. उद्या संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर मी गाडी देतो आणि तुझं टोकन परत करतो.’ यात शब्द मोडणं नाही, मुदत तर केव्हाच टळली होती. अशा मेसेजला येणारं उत्तर, किंवा उत्तराचा अभाव, तुम्हाला बारा दिवसांत कळलं नसतं ते एका दिवसात सांगतो.

टोकन घ्यायच्या आधी, चहाचे कप उचलायच्याही आधी, फोनवर एक मेसेज लिहून समोरच्याकडून ‘मंजूर’ असं उत्तर घ्या. गिऱ्हाईक ज्या भाषेत वाचतं त्या भाषेत लिहा, कुंडमला अर्थात हिंदीत. मजकूर साधारण असा:

‘वॅगनआर, गाडी नंबर अमुक. ठरलेली किंमत २,१५,००० रुपये. आज ५,००० रुपये बयाणा मिळाला, तो किमतीत धरला जाईल. उरलेले २,१०,००० रुपये रविवारी संध्याकाळी ६ वाजेपर्यंत माझ्या खात्यात जमा झाल्यावर गाडी आणि कागद देईन. तोपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाला विकणार नाही. वेळेत पैसे आले नाहीत तर सौदा संपला, बयाणा परत मिळणार नाही. मी माघार घेतली तर बयाणा परत आणि वर ५,००० रुपये देईन. कागदांत मी न सांगितलेली अडचण निघाली तर बयाणा पूर्ण परत. मुदत वाढवायची असेल तर दोघांनी लिहूनच.’

यातलं ‘मी माघार घेतली तर’ हे वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नका. समोरचा माणूस विश्वासाने ‘मंजूर’ लिहितो तो त्याच वाक्यामुळे. आणि ज्याला यायचंच नसतं तो हा मेसेज वाचून तिथल्या तिथे कुरकुरायला लागतो. ‘अरे, एवढं काय लिहायचं, आपण घरचेच.’ हे ऐकलंत की टोकन न घेता हसून निरोप द्या.

मुदत मागितली तर द्या, पण नवी तारीख लिहून आणि थोडं टोकन वाढवून. खरा गरजू हजार-दोन हजार आणखी देतो. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी विचारा, कर्ज मंजूर झालंय की व्हायचंय? व्हायचं असेल तर बँकेने नकार दिल्यास टोकन परत, असं मोकळेपणाने लिहा आणि जाहिरात चालू ठेवा. त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याचे पैसे बुडवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

हे सगळं झालं खऱ्या पण कच्च्या गिऱ्हाइकांबद्दल. काही मुळात खरेच नसतात. जबलपूर हे छावणीचं शहर. ग्रेनेडियर्सचं केंद्र इथे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं इथे, सिग्नल्सचं प्रशिक्षण इथे, शिवाय गन कॅरेज फॅक्टरी आणि व्हीकल फॅक्टरी. त्यामुळे ‘मैं आर्मी से बोल रहा हूँ’ असा फोन आला की इथल्या माणसाला तो संशयास्पद वाटतच नाही, शेजारीच कुणीतरी फौजेत असतं. नेमका याचाच फायदा देशभरातले भामटे घेतात. गाडी न बघता भाव मान्य, ओळखपत्राचा फोटो लगेच, आणि ‘टोकन पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका.’ घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत, एवढं पाठ करून घ्या की यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ‘पैसे मागणारी’ विनंती पाठवून फसवण्याचा प्रकार इतका वाढला की १ ऑक्टोबर २०२५पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. कोड स्कॅन करायला लावणं मात्र चालूच आहे.

दुसरी चलाखी म्हणजे खोटा स्क्रीनशॉट, किंवा बँकेच्या मेसेजसारखा दिसणारा मेसेज. ५,००० ऐवजी ५०,००० गेले, ४५ हजार परत पाठवा, आई दवाखान्यात आहे. घाई, रडणं, दटावणं, सगळं असतं. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक बघा, मेसेजवर विसंबू नका. आणि पैसे खरंच जास्त आले असले तरी आपण होऊन दुसऱ्या कुठल्या नंबरवर परत करू नका, बँकेला कळवा. फसवणुकीचा पैसा ज्या खात्यांतून फिरतो त्या खात्यांवर पोलीस तपासात रोख लागू शकते. गाडी विकणाऱ्या भल्या माणसाचं पगाराचं खातं अशा वेळी अडकतं आणि सोडवताना नाकी नऊ येतात. म्हणून टोकन असो वा पूर्ण रक्कम, ती गाडी घेणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून येतेय ना, ॲपवर दिसणारं नाव आणि त्याच्या ओळखपत्रावरचं नाव जुळतंय ना, हे पाहा. ‘माझ्या मित्राच्या खात्यातून येतील’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. फसगत झालीच तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात पळण्याआधी थोपवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

खेड्यातलं गिऱ्हाईक बरेचदा रोख आणतं. रोख वाईट नाही, पण एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, जेवढी रोख तेवढाच. वॅगनआरचे २ लाख १५ हजार त्या मुलाने पिशवीत आणले असते तर भाऊ अडचणीत आला असता. हप्त्याहप्त्याने रोख घेऊनही सुटका नाही, व्यवहार एकच धरतात. खात्यातून पैसे घ्या. ‘आज रविवार आहे, बँक बंद’ ही सबब आता चालत नाही, एनईएफटी डिसेंबर २०१९पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२०पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. एक अडचण मात्र खरी असते. फोनवरून नवीन खातं जोडलं की पहिल्या दिवशी बँक मोठी रक्कम जाऊ देत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. टोकन देतानाच त्याला म्हणा, माझं खातं आत्ताच जोडून ठेव. जो जोडतो तो बहुतेक येतो. माझ्या पाहण्यात टोकनच्या रकमेपेक्षा ही खूण जास्त खरी ठरलीय.

टोकनवर गाडी, दुसरी किल्ली, मूळ आरसी किंवा सही केलेले कोरे फॉर्म द्यायचे नाहीत. ‘घरी दाखवून आणतो’ला तर मुळीच नाही. गाडी नावावर असेपर्यंत तिचं पाप-पुण्य तुमचं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी हातोहात पुढे पुढे विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर १४ दिवसांत तुम्ही परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं, तोच फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० देऊन नाव बदलून घ्यायचं. तो करेल म्हणून बसू नका, नोंद बदललेली परिवहनच्या साइटवर स्वतः बघा. डिंडोरीच्या पुढे छत्तीसगड लागतं, तिकडचं गिऱ्हाईक असेल तर ना-हरकत दाखला लागतो आणि त्याला वेळ जातो, तेव्हा टोकनची मुदत त्या मानाने ठेवा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं, ते जाहिरात टाकायच्या आधी काढून घ्या. नाहीतर टोकन घेऊन वाट बघायला लावणारे तुम्हीच ठराल. आणि काचेवरचा फास्टॅग बंद करायला विसरू नका, पुढच्या मालकाचा टोल कितीतरी दिवस तुमच्या खात्यातून कटत राहतो.

त्या पाच हजारांचं काय झालं? भावाने ते परत केले, पूर्ण. वहिनीच्या बोलण्याने नाही. ‘सोमवारी मीच थांबतो म्हणालो होतो,’ एवढंच तो म्हणाला. पैसे पाठवताना त्याने मुलाला शिक्षिकाबाईंबद्दलही लिहिलं, रागाने नव्हे, फक्त काय झालं ते. त्या मुलाचं उत्तर दोन दिवसांनी आलं, “भैया, पहले बता देते तो मैं उसी दिन मना कर देता.”

छिंदवाड्याला गेल्यावर भावाने जुनी स्कूटर विकायला काढली. गिऱ्हाईक दारात उभं असताना तो मेसेज लिहीत बसला. समोरचे गृहस्थ चष्मा लावून सगळं वाचेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, रविवार नको, शनिवार लिहा, रविवारी आमच्याकडे लग्न आहे. शनिवारी साडेपाचला ते स्कूटर घेऊन गेले.